कोजागरीसाठी दोन पत्रे ॲपल पाय

आमच्या बेळगावच्या शहापुरातील गल्लीत कोजागरीचे दूध एकाच पातेल्यात आटते. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत चूल मांडली जाते, घरोघरचे दूध त्या पातेल्यात ओतले जाते आणि चंद्र कौलांच्या वर येईपर्यंत मुले पाळीपाळीने ते ढवळत बसतात. दुधासोबत खायला काय करायचे हे मात्र दरवर्षी एकेका घराकडे असते. आजवर चिरमुऱ्यांचा चिवडा झाला, मिरचीभजी झाली, एका वर्षी बेळगावच्या तांबड्या मातीतल्या रताळ्यांच्या गोड चकत्याही झाल्या. यंदा ती पाळी आमच्या घराकडे आली आणि मी ॲपल पाय करायचे ठरवले. माणसे मोजली तेव्हा आकडा १२० वर गेला.

माझ्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या आणि कॅम्पात राहणाऱ्या एका बाईंनी मला हा पदार्थ शिकवला, त्याला आता पंधरा वर्षे झाली. आमच्या सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून ‘सफरचंदाचा कानवला’ म्हणतात, आणि खरे सांगायचे तर मला ते नाव मूळ नावापेक्षा अधिक जवळचे वाटते. मैद्याची पारी, आत गोड सारण आणि कडेला मुरड एवढेच तर त्यात असते. शिवाय त्यात अंडे लागत नाही. आमच्या गल्लीत मराठा, लिंगायत, जैन, सारस्वत अशी सगळी घरे आहेत, आणि एका पंक्तीला सगळ्यांना चालेल असा भट्टीतला पदार्थ शोधायचा म्हटले की केक पहिल्याच फेरीत बाद होतो. अंडे काढून केलेला केक मला नेहमी काहीतरी उणे ठेवून केल्यासारखा वाटतो. ॲपल पायाला मात्र मुळातच अंड्याची गरज नाही. जैन घरांना कंदमुळे चालत नाहीत, त्यामुळे रताळ्याच्या वर्षी त्या घरांना चकत्या खाता आल्या नव्हत्या, हेही माझ्या मनात होते.

प्रश्न होता तो आकाराचा. माझ्या घरच्या ओव्हनमध्ये ९ इंचांचा एक साचा बसतो. त्यातून आठ तुकडे निघतात, म्हणजे १२० माणसांना पंधरा पाय लागतील. आणि एकेक पाय भाजायला सव्वा तास धरला तर जवळजवळ एकोणीस तास ओव्हन अखंड चालू ठेवावा लागेल. पहिला पाय आदल्या दिवशीचा आणि शेवटचा हात भाजणारा, असे काही पंक्तीला वाढण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली बेकरी आठवली, किंबहुना ती आधीच का आठवली नाही याचे मला आश्चर्य वाटले.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात या बेकरीच्या दारात डब्यांची रांग लागत असे. रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा घरून न्यायचा, डब्यावर चिकटपट्टीवर नाव लिहायचे, आणि आपली पाळी येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहायचे. बेकरीवाले किलोवर मजुरी घेत, आणि संध्याकाळी त्याच डब्यातून नानकटाई घरी येई. घरात ओव्हन नसलेल्या सगळ्या पिढ्यांनी भट्टीतले पदार्थ असेच केले. घरोघरी छोटे ओव्हन आले आणि आपण आठ तुकड्यांत विचार करू लागलो; शंभर माणसांचे भाजकाम ज्या जागेत होते ती जागा चार घरे सोडून असताना आपल्याला ती दिसेनाशी झाली. माझे मत असे की मोठ्या पंक्तीसाठी भट्टीचा पदार्थ करायचा असेल तर पाककृती शोधण्याआधी जवळची भट्टी शोधावी.

बेकरीच्या मामांना मी विचारले तेव्हा त्यांनी पायाबद्दल काही न विचारता एवढेच विचारले की, त्याला पावाची आच लागते की टोस्टाची. हा प्रश्न त्या कामाचा गाभा आहे. विटांच्या घुमटाची ही भट्टी रात्री लाकडे जाळून तापवतात, मग निखारे बाजूला ओढून फरशी ओल्या पोत्याने पुसतात आणि पहिल्या कडक आचेवर पाव भाजतात. पाव निघाल्यावर पुन्हा जाळ घालत नाहीत. त्याच उतरत्या आचेवर आधी खारी, मग बिस्किटे आणि सर्वांत शेवटी टोस्ट अशी कामे होत जातात. ॲपल पायाला सुरुवातीला २०० अंशांच्या थोडी वरची आच लागते आणि पुढे ती १८० च्या आसपास उतरलेली चालते. घरच्या ओव्हनमध्ये त्यासाठी बटण फिरवावे लागते, भट्टीत ते आपसूक घडते. आम्ही ठरवले की पाव काढल्यानंतर आणि खारी घालण्याआधी, सकाळी सात वाजता माझे पत्रे, म्हणजे भाजायचे मोठे ट्रे, आत जातील.

मामांचा पत्रा मोजला तर तो २४ इंच लांब आणि १६ इंच रुंद निघाला. ९ इंचांच्या गोल साच्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस इंच असते. पत्र्याचे ३८४, म्हणजे नेमके सहा साचे. लांबीला दहा आणि रुंदीला सहा असे काप दिले की एका पत्र्यात साठ तुकडे आणि दोन पत्र्यांत १२० माणसे. तुकडा गोल पायाच्या फोडीपेक्षा थोडा लहान होतो, परंतु सोबत आटीव दूध असताना तेवढा पुरेसा असतो. सारणाचा थर मात्र मी साच्यातल्यापेक्षा पातळ, बोटाच्या दोन पेरांहून कमी ठेवायचे ठरवले, कारण पत्र्यातला पाय उंच केला तर मधला भाग शिजेपर्यंत कडा करपतात.

आता सफरचंदांविषयी. कोजागरीच्या सुमारास हिमाचलचा हंगाम संपत आलेला असतो आणि काश्मीरचा भरात असतो, त्यामुळे बेळगावच्या बाजारात पेट्यांचे ढीग लागतात. त्यांतली बहुतेक लाल डेलिशस जातीची असतात. ही जात मुळात अमेरिकेतील आयोवा राज्यातली. फिलाडेल्फियाहून आलेल्या आणि पुढे सत्यानंद हे नाव घेतलेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी ती १९१६ मध्ये शिमल्याजवळच्या कोटगढला लावली, आणि तिथून ती डोंगरभर पसरली. खायला ती गोड आणि रसाळ असते, पण तिच्यात आंबटपणा कमी आणि शिजल्यावर ती लवकर गळते. इंग्लंडात पायासाठी ब्रॅम्ली नावाचे इतके आंबट सफरचंद वापरतात की ते सहसा कच्चे कोणी खात नाही. अमेरिकेत हिरवे ग्रॅनी स्मिथ पुष्कळांच्या पसंतीचे आहे, आणि तेही मूळचे ऑस्ट्रेलियातले. म्हणजे आपल्याकडे अमेरिकेतून जे सफरचंद आले, ते खुद्द तिथल्या सुगरणी पायात घालत नाहीत. हे माहीत असूनही मी हट्टाने पहिली चाचणी पूर्णपणे डेलिशसची केली, कारण ती स्वस्त होती आणि ताजी होती.

ती चाचणी फसली. पंधरा दिवस आधी मी पत्र्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा पाय घरी केला आणि एक तुकडा मामांना नेऊन दिला. वरची पारी सोनेरी होती, वास चांगला होता, पण फोडींचे पिठले झाले होते आणि खालची पारी पाण्याने चिंब होऊन बोटाला चिकटत होती. मामांनी तुकडा तोंडात घालण्याआधी उलटा केला आणि खालच्या बाजूवर नखाने टिचकी मारली. ‘‘बाई, सारण बरं हाय, पण खालनं आच लागलीच न्हाई की हो. आधी रिकामी पारी भाजून घ्या, मग भरा बगा,’’ असे ते म्हणाले. पुढच्या पंधरा दिवसांत मी जे काही बदलले ते सगळे या एका वाक्याभोवती होते.

लहान पाय आणि मोठा पाय यांतला खरा फरक पाण्याचा आहे. सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणी असते. साच्यातल्या एक किलो फळाचे पाणी कडेने आणि वरच्या भोकांतून वाफ होऊन जाऊ शकते; पत्र्यातल्या चार किलो फळाला कडा त्या मानाने फारच कमी असते, आणि सुटलेले पाणी जागा मिळेल तिथे, म्हणजे खाली, जाऊन बसते. म्हणून प्रमाणे सहापट केली की पदार्थ सहापट होत नाही. मोठ्या पत्र्यासाठी पाणी आधीच, भट्टीत जाण्यापूर्वी, काढून घ्यावे लागते.

त्यासाठी दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट म्हणजे फळाची निवड बदलली. एकूण १० किलोंपैकी सात किलो घट्ट, थोडी कमी पिकलेली डेलिशस आणि तीन किलो हिरवी ग्रॅनी स्मिथ घेतली. हिरवी महाग पडतात, पण आंबटपणा आणि धरून राहणारी फोड या दोन्हींसाठी तेवढी हवीतच. दुसरी गोष्ट म्हणजे सारण आदल्या दिवशी अर्धवट शिजवून ठेवायचे ठरवले.

आदल्या दिवशी दुपारी गल्लीतील सहाजणी आमच्या सोप्यात विळ्या घेऊन बसल्या. पन्नासहून अधिक सफरचंदे होती. साल काढायची, चार फाकी करायच्या, मधला गाभा काढायचा आणि पाव इंच जाडीच्या फोडी करून त्या लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकायच्या. विळीवर सफरचंद सोलणे हे बटाटा सोलण्यासारखे नसते. फळ गोल फिरवत राहिले तर साल एका लांब पट्टीने उतरते, आणि दोघींच्या हातून ती पट्टी शेवटपर्यंत न तुटता उतरत होती. त्यांचा अंगठा पात्याच्या इतक्या जवळून जात होता की मला पाहवत नव्हते, आणि त्या मात्र भजनाची चाल बसवत होत्या. साली आणि गाभे वगळून फोडींचे वजन पावणेआठ किलोंच्या आसपास भरले. साली टाकल्या नाहीत. त्यांत जेली घट्ट करणारे पेक्टिन भरपूर असते, म्हणून त्या बुडतील एवढ्या पाण्यात तासभर उकळून, गाळून, ते पाणी आटवले. तांबूस, चिकट पाक तयार झाला आणि तो दुसऱ्या दिवशी पायावर फिरवण्यासाठी उपयोगी पडला.

फोडी निथळून मोठ्या पातेल्यात घातल्या, त्यावर ८०० ग्रॅम साखर, आठ लिंबांचा रस आणि दोन चमचे मीठ घातले आणि मंद आचेवर झाकण ठेवले. इथे घाई करू नये आणि उकळीही येऊ देऊ नये. फळाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. सारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान काही वेळ राहिले तर फळातील एक विकर (एन्झाइम) पेक्टिनची घडण बदलते, फळातले कॅल्शियम त्याला जखडून टाकते, आणि मग पुढे कितीही आच लागली तरी फोड सहजासहजी विरघळत नाही. तेच सरळ उकळवले तर ते विकर निकामी होते आणि फोडींचा गर होतो. माझ्या पहिल्या चाचणीत ओव्हनमध्ये जे झाले ते हेच. स्वयंपाकाचा तापमापक पातेल्यात धरून मी तापमान ७० वर नेले, गॅस बंद केला आणि झाकण ठेवून वीस मिनिटे तसेच राहू दिले. झाकण काढले तेव्हा फोडी वाकत होत्या पण मोडत नव्हत्या, आणि पातेल्यात त्यांचा रस तरंगत होता.

त्या फोडी दोन मोठ्या चाळण्यांत उपसून ठेवल्या. खाली लिटरभराहून जास्त रस जमला. हाच रस चाचणीच्या वेळी खालच्या पारीत गेला होता. तो वेगळा उकळून एक तृतीयांश होईपर्यंत आटवला, त्यात गार पाण्यात कालवलेले १५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केला आणि पुन्हा फोडींना लावला. शेवटी ३० ग्रॅम दालचिनीची पूड आणि एक अख्खे जायफळ किसून घातले. गुळाचा विचार मी बराच वेळ केला होता. आमच्या जिल्ह्यात उसाला तोटा नाही आणि गुळाची चव दालचिनीशी जमते. पण गुळाने सफरचंदाचा रंग आणि वास दोन्ही झाकले जातात, म्हणून साखरेवरच राहिले. गरम सारण पारीत भरले तर पारीतले बटर भाजण्याआधीच वितळते, त्यामुळे सारण पूर्ण गार होणे आवश्यक होते. ते चार डब्यांत भरून चार घरांच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवले.

पारीविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्याकडच्या हातांना करंजीची सवय असते आणि तीच सवय इथे आडवी येते. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. गरम तूप मैद्याच्या कणाकणाला लागते, आणि पारी सगळीकडे सारखी खुसखुशीत होते. पायाच्या पारीत बटर गार आणि तुकड्यातुकड्यांनी राहायला हवे. हरभऱ्याएवढे तुकडे मैद्यात राहिले की लाटताना ते चपटे होतात, भट्टीत वितळून त्यांच्या जागी पोकळी राहते, पाण्याची वाफ ती फुगवते आणि पारीला पदर सुटतात. साट्याच्या करंजीचे पदर आपण साटा लावून, घड्या घालून मुद्दाम करतो. इथे ते न मिसळलेल्या बटरने होतात. त्यामुळे मळताना हाताला पीठ ‘झाले’ असे वाटू लागले की ते जास्त झाले, असे समजून थांबावे. तिंबण्याचा तर प्रश्नच नाही, कारण तिंबले की मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी आक्रसते.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग पाणी. दोन पत्र्यांसाठी २ किलो ४०० ग्रॅम मैदा, १ किलो ६०० ग्रॅम बिनमिठाचे बटर आणि बर्फाचे पाणी ८०० मिलिलिटरपर्यंत लागते. पाणी एकदम ओतू नये. ६०० घालून मुठीत दाबून पाहावे, पीठ मुठीत धरून राहत असेल तर बाकीचे पाणी तसेच ठेवावे. घरचे लोणी मला प्रिय आहे, परंतु त्यात ताकाचा अंश किती आहे हे प्रत्येक वेळी निराळे असते आणि या पारीत पाण्याचा हिशेब चुकला की सगळे चुकते. मामांनी खारीसाठी वापरतात ते स्निग्ध घेण्याचा सल्ला दिला होता, कारण ते उन्हातही वितळत नाही. तो सल्ला मी घेतला नाही. जे तोंडात लवकर वितळत नाही त्याचा थर टाळूला बसतो, आणि सफरचंदाची नाजूक चव त्याखाली गुदमरते. त्याऐवजी मी वेळ सांभाळली. पहाटे चार वाजता आमच्या स्वयंपाकघरात २१ अंश तापमान होते. बटर ३२ अंशांच्या पुढे पातळ होऊ लागते, तेव्हा झटपट हात चालवणाऱ्याला एवढी थंडी पुरते. मैदाही रात्रभर फ्रिजमध्येच ठेवला होता.

पाच वाजता गोळे घेऊन आम्ही बेकरीत गेलो. तिथल्या लांब टेबलावर खालची पारी लाटली. पत्र्याच्या आकाराची एवढी मोठी पोळी एकसंध उचलणे कठीण असते, म्हणून ती दोन भागांत लाटून पत्र्यात मधोमध बोटभर एकावर एक चढवून दाबली. सारणाखाली तो सांधा कुणालाही दिसत नाही. पत्रा काळ्या लोखंडाचा होता. चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा काळे लोखंड आच लवकर घेते आणि खालची बाजू चांगली भाजते, हे मामांना कुणी पुस्तकात वाचून दाखवलेले नाही. पारीवर बटर पेपर घालून त्यावर तीन किलो कोरडे हरभरे पसरले, म्हणजे ती फुगत नाही, आणि पत्रा भट्टीत गेला.

त्याआधी मामांनी चिमूटभर मैदा फरशीवर टाकला आणि मनात अंक मोजत त्याचा रंग पाहिला. पहिल्यांदा मान हलवली आणि दार दहा मिनिटे उघडे ठेवले. दुसऱ्यांदा पुन्हा मैदा टाकला, तो हळूहळू बदामी होत गेला, आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून दोन्ही पत्रे आत सरकले. वीस मिनिटांनी पारी फिक्या बिस्किटाच्या रंगाची होऊन बाहेर आली. तिच्यावर बेकरीतलेच टोस्ट कुटून त्यांचा चुरा पातळ पसरला. थोडाफार रस सुटलाच तर तो चुऱ्यात मुरतो आणि पारीपर्यंत पोहोचत नाही.

मग सारण भरले आणि वर जाळी घातली. अख्खी झाकणी घालण्यापेक्षा जाळी मला मोठ्या पत्र्यावर नेहमीच योग्य वाटते, कारण दीड इंच रुंदीच्या पट्ट्या हाताळायला सोप्या असतात आणि मधल्या चौकोनांतून वाफ मोकळी निघून जाते. पट्ट्या करंजीच्या कातण्याने कापल्या, त्यामुळे त्यांच्या कडेला आपोआप नक्षी आली. कडेला मुरड घालण्याचे काम सासूबाईंनी मागून घेतले. एका पत्र्याची कड ८० इंच, दोन्ही मिळून १६०. त्या टेबलाच्या कडेकडेने सरकत गेल्या; डाव्या अंगठ्याने पारी दाबायची, उजव्या अंगठ्याने दुमडायची, पुन्हा दाबायची, आणि प्रत्येक दुमड आधीच्या दुमडीवर अर्धी चढलेली. दोन्ही पत्र्यांना मिळून पंचवीस मिनिटे लागली आणि कुठेही मुरड उसवली नाही. वरून दूध फिरवले, साखर भुरभुरली आणि पत्रे पुन्हा आत गेले.

एक तास दहा मिनिटे लागली. मध्ये एकदा पत्र्यांच्या जागा आणि तोंडे बदलली, कारण भट्टीचा मागचा भाग दाराजवळच्या भागापेक्षा तापलेला असतो. रंग आला म्हणून पाय बाहेर काढू नये. मधल्या चौकोनात सारण बुडबुडे काढत आहे का ते पाहावे. कडेला ते लवकर उकळते, मध्यावर उशिरा, आणि कॉर्नफ्लोअर नीट उकळल्याशिवाय बांधत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९७ अंशांच्या पुढेमागे उकळते, पण कॉर्नफ्लोअर बांधायला तेवढे पुरते. बुडबुडे मधोमध संथपणे फुटू लागले तेव्हा पत्रे निघाले, आणि गरम असतानाच सालींचा पाक त्यांच्यावर फिरवला.

निघालेला पाय लगेच कापायचा मोह प्रत्येकाला होतो. साच्यातला पाय तीन तासांत बसतो; सात-आठ किलोंचा पत्रा आतून निवायला दुपार उलटावी लागते, आणि तोवर सारण वाहतेच. सकाळी नऊला निघालेले पत्रे आम्ही पातळ कापड झाकून माजघरात दुपारी चारपर्यंत ठेवले. कोजागरी यासाठी फार सोयीची आहे, कारण पदार्थ सकाळी होतो आणि वाढायचा रात्री असतो, म्हणजे बसायला हवा तेवढा वेळ मिळतो. चार वाजता लांब सुरीने आधी रुंदीला आणि मग लांबीला काप दिले. सुरी प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसली तर कडा स्वच्छ राहतात.

गल्लीच्या टोकाच्या जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांचे चौदा तुकडे पाच वाजताच ताटांत घालून पोहोचवले. तिथल्या आजींनी अंडे नाही ना, एवढे विचारले, आणि मग नातीला हाक मारली. बाकीची पंगत रात्री बसली. केशर, वेलची घातलेले आटीव दूध वाटीत आणि तुकडा कागदी ताटलीत देत होतो. काहींनी तुकडा दुधात बुडवून खाल्ला, आणि मला वाटते ते बरोबरच होते. इंग्लंडात पायावर दुधाचे कस्टर्ड ओततात, ते याहून फार निराळे नाही. केशरही या पदार्थाला परके नाही. इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलेल्या ॲपल पायाच्या कृतीत सफरचंदासोबत अंजीर, मनुका, नाशपाती आणि रंगासाठी केशर आहे, आणि साखरेचे नावही नाही. पुढच्या वर्षी कुणी विचारले तर सारणात थोड्या मनुका घालून पाहीन, कारण दालचिनीच्या सोबतीला काहीतरी दाताखाली येणारे हवे होते, असे मला स्वतःला खाताना वाटले.

कोपऱ्यांचे आठ तुकडे, ज्यांना दोन बाजूंनी मुरड येते, मुलांनी आधीच वाटून घेतले होते. नऊ तुकडे उरले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम केले. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते, तव्यावर ती पुन्हा कुरकुरीत होते. त्यांतले दोन घेऊन मी घासलेले पत्रे परत द्यायला बेकरीत गेले. मामा टोस्ट काढत होते. त्यांनी हात पुसले, तुकडा उचलला, उलटा केला आणि खालच्या बाजूवर नखाने टिचकी मारली. कडक आवाज आला. ‘‘आता भाजलंय,’’ म्हणाले, आणि मग खाल्ला.